वाघ्या काही खात नाही

१२ नोव्हेंबर १९७८

ही डायरी खताच्या एजंटाने जानेवारीत दिली होती. आजपर्यंतची सगळी पानं कोरी आहेत, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. दहिवलीच्या माझ्या गिरणीत भात आलं, भरडलं, तांदूळ होऊन गेलं. हंगामात कोंडा नाकात जातो, हंगाम सरला की तोच कोंडा कानातून निघतो. माझं आयुष्य म्हणजे एवढंच.

आज मात्र घडलं. गिरणीमागचा तुसाचा ढीग जैतू उपसत होता. जैतू माझ्याकडे कधी लागला ते त्यालाही सांगता येणार नाही. डोंगराखालच्या ठाकरवाडीतून रोज चालत येतो आणि सहसा कशाला घाबरत नाही. तो एकदम ओरडला, "शेट, मागं सरा! इखारी हाय!"

ढिगात एक पाल होती. पण आपल्या घरातल्यासारखी नव्हे. वीतभर लांब, अंगाने भरलेली, हळदीसारखा रंग आणि त्यावर काळे ठिपके, जसा काही बिबट्याच धुऊन आटला असावा. शेपूट मुळ्यासारखं जाड.

जैतूने फावडं उचललं. पालीने माझ्याकडे पाहिलं आणि पापण्या मिटल्या. मग सावकाश उघडल्या. म्हातारा तलाठी "बरं, बघू" म्हणताना मिटतो तशा. मी जैतूचा हात धरला.

पालीला पापण्या असतात हे मला नवीन होतं. भिसेगावला घरी आल्यावर भिंतीवरच्या पालीसमोर मुद्दाम स्टूल घेऊन बसलो. तिला पापण्या नाहीत. मैनाने विचारलं, "काय बघता तिकडं?" म्हटलं, "पापणी." तिने पुढे काही विचारलं नाही. आमच्या संसारात मैनाचा हा मोठा गुण आहे.

पाल डालड्याच्या डब्यात ठेवली आहे. झाकणाला भोकं पाडली आहेत. मैनाला उद्या सावकाश सांगतो.

१३ नोव्हेंबर

मैनाला सांगायची गरज पडली नाही. तिने डबा उघडला.

१९ नोव्हेंबर

तह झाला. पाल मागच्या पडवीत राहील, चहाच्या लाकडी खोक्यात. खोकं आडवं, तोंडाला जाळी, जाळीला टेकून वीट. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. हा शेवटचा नियम पालीला आहे की मला, ते मैनाने सांगितलं नाही.

नाव वाघ्या ठेवलं आहे. दिवसभर कौलाच्या तुकड्याखाली झोपतो. तिन्हीसांजेला बाहेर येतो, मांजरासारखा पाय टाकत चालतो. याला भिंत चढता येत नाही. दोनदा प्रयत्न करून खाली पडला आणि मी पाहिलं नाही असं समजून दुसरीकडे गेला. रातकिडा सोडला की आधी शेपटीचं टोक थरथरवतो, मग झडप. आज तीन खाल्ले. मुलं लहान असताना ती काय आणि किती खातात हे मी कधी पाहिलं नव्हतं. गिरण होती ना.

आता कान्हा मुंबईला, शकू सासरी. घरात आम्ही दोघंच. म्हणजे आता तिघं.

२६ नोव्हेंबर

वाघ्या मला चावला. चूक माझी. नाकतोडा आणि माझं बोट यांत त्याला फरक कळला नाही.

गिरणीत ही बातमी सांगितली तर जैतूने हातातलं सूप खाली टाकलं. "शेट, ही चावली तर मानूस पानी मागत नाय." भरडायला आलेल्या बायाबापड्यांनी गिरणीचा पट्टा थांबवायला लावला. सगळे माझ्याभोवती गोल करून बसले. कुणी विचारलं डोळ्यांपुढे अंधारी येते का, कुणी जीभ दाखवायला लावली. मला तहान लागली होती, पण पाणी मागितलं असतं तर जैतूचा अपमान झाला असता आणि न मागितलं तर सगळे समजले असते की झालं, गेला. शेवटी मागितलं. लोकांत कुजबूज झाली.

मैना भिसेगावहून धावत आली. चप्पल न घालता. मनगटाला करकचून पट्टी बांधली आणि ते मनगट धरून दिवस कलेपर्यंत बसून राहिली. हात पार अवघडून गेला माझा. तीनदा म्हटलं सोड, सोडेना.

सूर्य बुडाला तरी मी मेलो नाही, तेव्हा लोक जरा नाराज होऊन आपापला तांदूळ घेऊन गेले.

५ डिसेंबर

सकाळी खोक्यात पाहतो तर वाघ्या पांढरा पडलेला. पिठात लोळल्यासारखा. ठिपके दिसेनात, डोळे अर्धे मिटलेले.  त्याला डालड्याच्या डब्यात घातलं आणि सरळ कर्जतचा ढोरांचा दवाखाना गाठला.

पुढे दोन म्हशी आणि एक खोंड. म्हशीवाल्याने विचारलं, "तुमचं काय आजारी हाय?" म्हटलं, "माझं जरा लहान आहे." त्याने डब्यात डोकावलं आणि म्हैस घेऊन लांब उभा राहिला.

डॉक्टर वर्तक भला माणूस. बाही सारून हात खांद्यापर्यंत म्हशीत घालायची सवय असलेला. डबा उघडून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मोरूशेठ, याचं नाक ओलं आहे की कोरडं हे बघायला मला भिंग लागेल." तेवढ्यात वाघ्याने स्वतःच्या हाताची कातडी दातांत धरली, हातमोजा काढावा तशी ओढली आणि खाऊन टाकली. मग दुसऱ्या हाताची. आतून नवा कोरा, पिवळाधमक.

"कात टाकतोय," डॉक्टर म्हणाले. "पुढचा!"

घरी येऊन मैनाला सांगितलं. ती म्हणाली, "जुनं लुगडं टाकतो आनि वर खातो पन? बरं हाय. बोहारणीची कटकट नाय." आणि हसली. ती वाघ्याच्या बाबतीत पहिल्यांदाच हसली. मला वाटतं आता सगळं सुरळीत होईल.

१४ डिसेंबर

सुरळीत झालं नाही.

आज मार्गशीर्षातला गुरुवार. मैनाने महालक्ष्मी मांडली होती. चौरंग, कलश, पाच पत्री, वेणी. शेजारची गौराबाई आणि आळीतल्या आणखी बाया कहाणी ऐकायला बसल्या होत्या. मी गिरणीत. जे घडलं ते मला गौराबाईकडून कळलं, आणि तिच्याकडून कळलेलं थोडं कमी करून घ्यावं लागतं.

जाळीला टेकवलेली वीट सकाळी मी उचलली होती, पाणी ठेवायला. परत ठेवली नसावी.

कहाणीत देवी म्हातारीच्या रूपाने दाराशी येते, तिथे मैना पोचली होती. चौरंगाखालून वाघ्या बाहेर आला. सावकाश, एकेक पाय टाकत. समईपाशी थांबला, जमलेल्या मंडळींकडे पाहिलं आणि पापण्या मिटल्या. गौराबाई म्हणते त्याने नमस्कार केला. बाकीच्या बाया ते बघायला थांबल्या नाहीत. एक खिडकीतून गेली. ती खिडकी पाहिली मी, त्यातून मांजर जाताना विचार करतं. कलश लवंडला. गौराबाईची म्हैस गाभण आहे, ती या आरडाओरड्याने दावं तोडून ओढ्यापर्यंत गेली.

मी आलो तेव्हा मैना पाणी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "या घरात एक तर ती पाल राहील, नायतर मी. सांगा."

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

मला वाटतं हे उत्तर समंजस होतं. मोठ्या गोष्टीत घाई करू नये.

१५ डिसेंबर

मैना पहिल्या एसटीने माहेरी गेली. खोपोलीजवळ कुंभिवलीला, तिच्या भावाकडे. चांगोचं तिथे हायवेला हॉटेल आहे, ट्रकवाले थांबतात, माणसांचा राबता असतो. तिला तेवढाच बदल.

मी तिला थांबवलं नाही. थोडे दिवस राहील, राग निवेल, येईल. दोघांच्या मध्ये पडायला मला आवडत नाही.

१७ डिसेंबर

मी मजेत आहे. पिठलं केलं. खाली लागलं ते लागलं, वरचं चांगलं होतं.

पडवीत थंडी फार पडते आता. वाघ्यासाठी खोक्यात नवा कोंडा आणून पसरला, चार बोटं जाड. गिरणीतला ताजा, मऊ, चाळणीने चाळलेला. राजाच्या गादीलाही नसेल. रातकिडे त्या कोंड्यात लपतात आणि वाघ्या तोंड खुपसून कोंड्यासकट मटकावतो. बघायला मोठी गंमत वाटते. आज पाच खाल्ले. खाऊ दे. घरात एकाने तरी नीट जेवावं.

२१ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. घरात काही नाही. गौराबाईने शिरा आणून दिला. गोड लागला नाही. साखर कमी पडली असणार.

जैतू म्हणाला, "शेट, सुकलाव तुमी." सांगितलं, हंगामाचं काम आहे, सुकणारच. कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं. कातडं जुनं झालं की सैल पडतं.

२४ डिसेंबर

वाघ्या खात नाही.

काल रातकिडा नाकासमोरून गेला, बघितलंसुद्धा नाही. आज तोच रातकिडा त्याच्या डोक्यावर बसला होता. कात टाकायच्या आधी असं होतं म्हणून वाट पाहिली. पण अंग पांढरं पडलेलं नाही. नुसता मलूल. कौलाखाली बसून राहतो, बाहेर आला तर एका कोपऱ्यात तोंड करून बसतो.

मलाही आज जेवावंसं वाटलं नाही. त्याच्याकडे बघून घास उतरत नाही.

२७ डिसेंबर

डोळे आत गेल्यासारखे दिसतात. शेपूट बारीक झालं आहे. मुळा होता, आता गवारीची शेंग. बोट पुढे केलं तर पूर्वी वळून बघायचा, आता पापणीही हलवत नाही.

गिरणीत लक्ष लागत नाही. आज एकीचं भात दुसरीच्या पोत्यात भरडून दिलं. दोघी भांडल्या, मी मधे उभा राहिलो आणि कुणाची बाजू घ्यावी ते सुचेना, तेव्हा दोघी मिळून मला बोलल्या.

संध्याकाळी खोपोलीकडून येणाऱ्या एसटीच्या वेळी मी हल्ली स्टँडवर असतो. थंडीत चालणं चांगलं असतं म्हणून.

२९ डिसेंबर

पुन्हा डॉक्टर वर्तकांकडे. या खेपेला म्हशीवाल्यांनी मला पुढे जाऊ दिलं, आपणहून.

सगळी लक्षणं सांगितली. डॉक्टरांनी वाघ्याला तळहातावर घेतलं, कानाशी नेलं. म्हणाले, "रवंथाचा प्रश्न नाही, शिंगं नाहीत, आणि थर्मामीटर घालायचा तर हा थर्मामीटरपेक्षा बारीक आहे. माझ्या पुस्तकात असलं जनावर नाही, मोरूशेठ. खोटं कशाला सांगू? पण एक ध्यानात ठेवा. गाय असो की गेंडा, आजारी जनावराच्या तीन गोष्टी बघायच्या. खातंय का. पितंय का. आणि तिसरी..."

इतक्यात बाहेर कुणाचा तरी बैल सुटला आणि दवाखान्यात शिरला. डॉक्टर टेबलावर चढले. मी त्यांच्या हातातला वाघ्या डब्यात टाकला आणि खिडकीतून बाहेर. आता मला त्या गुरुवारच्या बाईचं कौतुक वाटतं.

बैल आवरल्यावर डॉक्टरांचा सदरा फाटलेला होता आणि ते दुसऱ्याच विषयावर बोलत होते. मी विचारलं नाही. तिसरी राहिली, पण दोन तर कळल्या. खात नाही. पितो थोडं थोडं.

१ जानेवारी १९७९

ही डायरी संपली, पण मागे टिपणांची चार-सहा पानं आहेत, तिथे लिहितो.

गौराबाई आली. मी ओटीवर वाघ्याचा डबा मांडीवर घेऊन उन्हात बसलो होतो. म्हणाली, "काय भावजी, जेवान-खान काय चाललंय का नाय?"

म्हटलं, "कुठलं? आठवडा झाला, काही पोटात नाही. नुसतं पाणी."

"आन झोप?"

"दिवसभर पडून. डोळे आत गेलेत बघ."

"दिसतंय मला," ती म्हणाली. ती डब्यात बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. म्हातारीची नजर अधू झालीय.

"कुणाची वाट बघितल्यासारखं एका कोपऱ्यात तोंड करून बसणं," मी सांगितलं. "हाक मारली तरी लक्ष नाही. असंच चाललं तर वाचत नाही, गौराबाई." असं म्हणताना मी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, हे इथे लिहून ठेवतो, कारण डायरीत खोटं लिहू नये.

गौराबाई उठली. "माजा भाचा टेंपो घेऊन जातो खोपोलीला. कुंभिवलीला चांगोच्या हाटेलात निरोप सांगायला लावते."

मला हे कळलं नाही. चांगो भजी उत्तम करतो, पण पालीतलं त्याला काय कळणार?

३ जानेवारी

आज जे झालं त्याने मी अजून गोंधळलेला आहे.

दुपारी टेंपो दारात थांबला. आधी चांगो उतरला. त्याच्यामागून त्याच्या हॉटेलातले दोन आचारी, त्यांनी एक बाज उतरवली. बाजेवर गादी, गादीवर दोन रग. मग मैना. हातात शहाळ्यांची पिशवी, डोळे लाल. टेंपोत धूळ फार उडते.

मी दारात उभा होतो. चांगोने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दाजी, तुमी उभं हाव?"

म्हटलं, "मग?"

"आमाला सांगितलं, तुमी अंथरुणाला खिळलाव. अन्न सोडलंत. मी खोपोलीच्या दवाखान्यात खाट सांगून आलोय." तो बाजेकडे बघत होता. एवढी आणली आणि उपयोग नाही, याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

"अन्न मी नाही सोडलं," मी म्हटलं, "वाघ्याने."

 एक आचारी टेंपोमागे जाऊन हसला, ते ऐकू आलं. मैना ओटीच्या पायरीवर बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते, मग वाटलं हसते, मग ती बोलली तेव्हा कळलं की दोन्ही नाही.

"पालीसाठी," ती म्हणाली. "मला वाटलं मी पोचेपर्यंत तुमी... आन ते पालीसाठी!" पुढचं इथे लिहीत नाही. आळीतल्या सगळ्यांनी ऐकलं आहे. गौराबाई मात्र कधी नव्हे ती दार लावून आत बसली होती.

बोलून झाल्यावर तिने दम घेतला. माझ्याकडे पाहिलं. "हा सदरा कोनाचा?"

"माझाच."

"आन पट्ट्याला ही भोकं?"

"कातडं सैल पडतं."

ती उठली, आत गेली. पिठल्याचं भांडं उचलून पाहिलं, परसात नेऊन ठेवलं, चूल पेटवली आणि भात लावला. चांगोने बाज परत टेंपोत चढवायला सांगितली. शहाळी राहू दिली.

जेवलो. पोटभर. वाघ्या तसाच असताना मला एवढी भूक कशी लागली, याची लाज वाटली.

त्याच दिवशी, पुन्हा लिहितो

भांडी झाल्यावर मैना पडवीत आली. खोक्यापासून दोन हात लांब उभी राहिली. "काय झालंय मेल्याला?"

मी सगळं सांगितलं. कधीपासून खात नाही, डोळे कसे, शेपूट कसं, पाणी किती. मला वाटलं, एवढ्या बारकाईने कुणी काही बघितलं नसेल.

ती म्हणाली, "शी कदी केली त्यानं?"

 डायरी आणून चाळली. रातकिडे आहेत, नाकतोडे आहेत, पापण्या आहेत. शी कुठेही नाही.

"दोन पोरं वाढवली तुमच्या घरात," मैना म्हणाली. "रडायला लागली की आदी काय बघतात? पोट!" मग ती दोन हातांऐवजी एका हातावर आली. वाकली. "पोट बघा त्याचं. नगाऱ्यासारखं. आन हे काय आंथरलंय खाली?"

"कोंडा. थंडी होती म्हणून. मऊ."

"आन रातकिडे?"

"त्यातच सोडतो. कोंड्यासकट खातो, गंमत वाटते..."

बोलता बोलता माझंच मला ऐकू आलं. कोंडा पाण्यात टाकला की त्याचा लगदा कसा होतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. तो बोळ्यासारखा त्या एवढ्याशा पोटात जाऊन बसला असणार. मी त्याला गादी घातली आणि त्या गादीनेच तो मरायला टेकला होता.

मी खाली बसलो.  मैना पाणी तापवायला गेली.

४ जानेवारी

कोंडा सगळा काढला. खोक्यात जुन्या लुगड्याचं धडपं अंथरलं. थंडीत पोट चालत नाही म्हणून मैनाने वरवंट्याएवढा दगड चुलीपाशी ठेवून कोमट केला, फडक्यात गुंडाळून कौलाखाली सरकवला.

थाळीत कोमट पाणी, वाघ्याच्या कोपराइतकं. त्याला त्यात उभं केलं. मी धरला. मैनाने पदर बोटाभोवती गुंडाळून त्याच्या पोटाला लांबूनच स्पर्श केला, हात मागे घेतला, पुन्हा लावला. पदर मधे येत होता. तो सोडला. मग उघड्या बोटाने वरून खाली, वरून खाली, तान्ह्या पोराच्या पोटाला हिंग लावतात तसं.

"गार हाय," ती म्हणाली. "मऊ पन हाय." मग एकदम, "चावेल का?"

म्हटलं, "चावला तर बरंच. अंगात जोर आहे म्हणायचं."

काडीच्या टोकाने एरंडेलाचा एक थेंब नाकाला लावला. त्याने जीभ काढून चाटला आणि जे तोंड केलं, ते कान्हा लहानपणी करायचा तेच. हे मैना म्हणाली. कान्हा एरंडेल पिताना मी कधी पाहिला नव्हता.

दिवसातून दोनदा असं करायचं ठरलं. मैना कुंभिवलीला परत कधी जाणार, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. चुलीवर ठेवायला दुसरा दगड मात्र शोधून आणला.

५ जानेवारी

काही नाही. पोट तसंच. सकाळ-संध्याकाळ शेक, चोळणं, तेल. वाघ्या आज थाळीत उभा राहू शकला नाही, मला हनुवटीखाली बोट धरावं लागलं.

मैना त्याच्याशी बोलते. मी पडवीत नाही असं समजून बोलत होती. "कर रे बाबा. तुला काय हाय, तू मोकळा झालास की झालं. नायतर हा मानूस पुन्यांदा अन्न सोडून बसंल. याला तुज्याशिवाय बोलायला कोन हाय? मी हाय तर माज्याशी बोलत नाय." 

वाघ्याला हे सगळं कशाला सांगते कळत नाही. मी तिच्याशी बोलतो की. सकाळीच विचारलं, चहा झाला का.

६ जानेवारी

झाली!

उजाडता उजाडता खोक्यात पाहिलं, धडप्यावर. करंगळीच्या टोकाएवढी, आतून नुसता कोंडा दिसतो. एक मोठी आणि एक लहान. मला काही सुचेना. मी अंगणात जाऊन ओरडलो, "झाली! झाली! मैना, झाली!"

गौराबाई पांघरूण टाकून धावली ती आमच्याकडे नव्हे, गोठ्याकडे. थोड्या वेळाने परत आली. "कुटं व्याली? उभी राहून पेंढा खाती!"

तिला खोक्याजवळ आणून दाखवली. ती बघतच राहिली. "याच्यासाठी मी पडले असते चिखलात," म्हणाली. पण आत येऊन चहाला बसली. जैतू आला, त्यालाही दाखवली. "शेट," तो म्हणाला, "आता हिला काय नाय होत. पन इखारी ती इखारीच."

मैना ओढ्यावरून आली तेव्हा तिने त्या कोंड्याच्या गोळ्याकडे पाहिलं आणि देवापुढे साखर ठेवली. दोघांनी खाल्ली.

संध्याकाळी वाघ्याने रातकिड्याकडे मान वळवली. खाल्ला नाही, पण शेपटीचं टोक हललं. मैनाने माझं मनगट धरलं होतं. मी हात हलवला नाही, वाघ्या दचकला असता.

१५ जानेवारी

काल संक्रांत. हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्या बाया आल्या. खिडकीतून गेलेलीही. त्यांना वाघ्या बघायचा होता. मैनाने पडवीत नेऊन दाखवला आणि आजारी पडला तर काय बघायचं ते समजावून सांगितलं. डोळे, शेपूट, पोट, आणि शी. जसं काही प्रत्येकीच्या घरी एकेक आहे. एकीने विचारलं, "नर का मादी?" मैना म्हणाली, "खातो, पडून राहतो आन काय होतंय ते तोंडानं सांगत नाय. नरच असंल."

बाया फार हसल्या. विनोद माझ्या लक्षात आला नाही, पण घरात हसणं बरं वाटलं.

आज पाच रातकिडे. धडप्यावर.

११ मार्च

ऊन तापायला लागलं. वाघ्याचं शेपूट पुन्हा मुळ्यासारखं झालं. गेले काही दिवस तो खोक्याच्या जाळीला नाक लावून डोंगराच्या बाजूला बसतो. मीच म्हटलं, सोडू या. मला वाटलं मैना लगेच हो म्हणेल. ती म्हणाली, "अजून सकाळी गारवा असतो." मग म्हणाली, "परवा बगू." मग गौराबाईच्या रेडकाचं बारसं करायचं म्हणाली, रेडकाचं बारसं कुणी ऐकलंय?

आज गेलो शेवटी. जैतूच्या वाडीच्या वरच्या अंगाला दगडांचा एक जुना बांध आहे, खाली भेगा, आसपास गवत. जैतूने लांबून जागा दाखवली, जवळ आला नाही. डबा मैनाने धरला होता, उघडलाही तिनेच. त्याला तळहातावर घेतलं, पोटावरून बोट फिरवलं, बघून घेतलं आणि दगडावर ठेवलं.

वाघ्या जरा वेळ थांबला. पापण्या मिटल्या, उघडल्या. मग एकेक पाय टाकत भेगेत गेला. शेपूट सर्वांत शेवटी गेलं.

"वळून बगितलं पन नाय," मैना म्हणाली.

म्हटलं, "पाल आहे ती."

परत येताना ती माझ्या पुढे होती. उतारावर एकदा थांबली आणि मागे पाहिलं. विचारलं, काय राहिलं? म्हणाली, काय नाय, चपलेत खडा गेला. ओढ्यापाशी पुन्हा थांबली. पुन्हा खडा. मग भिसेगाव येईपर्यंत आणखी एकदा, आणि त्या वेळी डोळ्यांतही गेला म्हणाली.

तिच्या चपला अगदी झिजल्या आहेत. उद्या गिरण बंद ठेवतो आणि तिला घेऊन बाजारात जातो.